उष्टी गाठ

गोमाकाकांचा जावई वारला, ही बातमी भिवंडीच्या कामतघरात मी पसरवली. काकांना जावई नव्हता. मुलगी होती, कुंदा, पण तिचं लग्न व्हायचं होतं. हा तपशील आधी विचारून घ्यायला हवा होता, हे आज मला पूर्ण पटतं. त्या सकाळी सुचलं नाही.

दोन हजार साल उलटून थोडेच दिवस झाले होते. कामतघरच्या एका पॉवरलूम कारखान्यात मी सुपरवायझर म्हणून नुकताच लागलो होतो. मूळचा साताऱ्याकडचा, म्हणजे भिवंडीच्या हिशेबात घाटी. गोमाकाका राहनाळचे, आगरी, पन्नाशी ओलांडलेले. ते आमच्याकडे बीम सांधायला येत. लूमवरचा बीम, म्हणजे ताण्याच्या धाग्यांचा रूळ, संपला की नव्या बीमचा एकेक धागा जुन्या धाग्याच्या शेपटाला जोडावा लागतो, आणि असे धागे हजारोंनी असतात. काका स्टुलावर बसत, चिमटीला राख लावत आणि धाग्याला धागा पिळत जात. त्यांची बोटं कायम पांढरी. हात मिळवला की आपलाही हात विभूती लावल्यासारखा दिसायचा.

त्या सकाळी ते उशिरा आले. राखेची वाटी पुढ्यात घेतली, पण हात मांडीवरच ठेवले.

"सायब," ते म्हणाले, "सकालच्या भरतीला जावई तुटला."

'तुटला' हा शब्द मला खटकला नाही. आगरी बोलीत माणसं तुटत असतील, असं मी धरून चाललो. आणि भरतीला म्हणजे सकाळी इस्पितळात भरती केलं असणार.

"कशानं हो?"

"कल्ल्यानं कापला."

झालं! कल्ल्या नावाचा कुणी गुंड असणार. भिवंडीत असले कल्ल्या-बिल्ल्या पावलोपावली भेटतील, असं मला गावाहून निघतानाच चार जणांनी सांगितलं होतं.

"पोलिसांत गेलात का?"

"पोलीस काय करतीन? दुसरा बांदाचा."

"दुसरा जावई? इतक्यात?"

"मंग? ओहोटीच्या आदी बांदला पायजे."

मी सगळे लूम बंद करायला लावले. सूत गुंडाळायच्या कांडी मशीनवरच्या बायकांनी डोक्यावर पदर घेतले. अन्सारीभाई नावाचे आमचे जुने कारीगर पुढे आले आणि काकांचे राखेचे हात हातात घेऊन म्हणाले, "अल्लाह सब्र दे." काकांचे डोळे भरून आले. ते का भरले ते मला मागाहून कळलं. एका माशासाठी चोवीस लूम थांबतात, भिवंडीत माशाची एवढी कदर आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात कुंदा बापाचा डबा घेऊन दारात आली. कांडीवाल्या मावशींनी तिला मिठी मारून गळाच काढला. कुंदानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "माजा नवरा मेला व्हय, सायब? मना तर बघाला पन मिलाला न्हाय."

जावई म्हणजे गळाच्या दोरीचा शेवटचा हातभर तुकडा, ज्याला गळ बांधतात तो. हे नाव काकांनीच पाडलेलं. "लांब दोरी घरची, आपली," ते मला समजावत होते आणि अख्खा कारखाना पोट धरून हसत होता. "जावई बाहेरून आनाचा. पन मासा बोलतं कोनाशी? जावयाशी! तो निंगाला कच्चा, तं घरची दोरी कवरी बी मजबूत असू दे, काय उपेग?" कल्ल्या हा गुंड नव्हता. खाडीतल्या जिताडा माशाच्या कल्ल्यावर झाकण असतं, त्याची कड कोयत्यासारखी. मासा गळाला लागला की मान झटकतो आणि त्या कडेनं बरोब्बर जावई कापून पसार होतो.

मेलेल्या जावयाची ही गोष्ट महिनाभर बाजारात फिरली. चहावाला मला चहा देताना विचारायचा, "कल्ल्या पकडा गया क्या, साहब?"

जावई निवडणं हा काकांच्या आयुष्यातला सर्वांत गंभीर विषय. त्यासाठी ते बाजारात अब्बासचाचांच्या दोरखंडाच्या दुकानी जात. एकदा मी सोबत गेलो आणि पुन्हा जायची हिंमत केली नाही. काकांनी आधी नायलॉनची तार दातात धरली. मग खालच्या ओठावरून फिरवली, कुठे खरखर लागते का बघायला. मग चप्पल काढली, तारेचं एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलं, दुसरं कानापाशी ताणून धरलं आणि टिचकी मारली. एका पायावर उभा असा हा माणूस डोळे मिटून तार ऐकतोय, आणि मागे मच्छरदाणीची दोरी घ्यायला आलेली पाच गिऱ्हाइकं ताटकळली आहेत.

शेवटी चाचांच्या पाण्याच्या पेल्यात तार सोडून त्यांनी मला विचारलं, "दिसतं का?"

"दिसते की."

"मंग नको. चाचा, ये दामाद बहोत चमकता है."

"तो काला दे दूँ?"

"काला चलेगा. खाडी का पानी भी कालाच है."

"गोमाभाई, आपकी बेटी की शादी में भी दूल्हे को ऐसेच चबाओगे क्या?"

काकांनी हा प्रश्न थट्टेवारी घेतला नाही. "देखना पडेगा," ते म्हणाले.

जावयाची त्यांची कलमं चार. दिसाचा न्हाय, वाजाचा न्हाय, तानला तं तुटाचा न्हाय, न् गाठीला जागाचा. पाणी गढूळ असलं तर जाड जावई, निवळ असलं तर बारीक. उन्हात राहिलेला जावई वरून चांगला दिसतो पण आतून कडकतो, तो फेकून द्यायचा. हे सगळं मी ऐकत होतो ते लोडशेडिंगच्या वेळात. वीज गेली की कारखाना मुका व्हायचा. काका वीज जाण्याचं आणि भरती येण्याचं अशी दोन्ही वेळापत्रकं तोंडपाठ ठेवून होते. दोन्ही जुळली की मला घेऊन राहनाळच्या बांधावर जात. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला फळ्यांचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. त्या उघाडीपाशी जिताडा यायचा. शेतं जाऊन गोदामं झाली होती, काकांच्या भावकीनंही जमिनी दिल्या होत्या, पण उघाडी होती आणि तोवर मासाही होता.

कारखान्यात मी 'सायब' होतो. बांधावर पाय ठेवला की 'घाट्या'.

कारखान्यात राहून मी विणकरी गाठ शिकलो होतो आणि ती येता-जाता कुणालाही मारून दाखवत असे. एक दिवस काकांना म्हटलं, जावई आज मी बांधतो. त्यांनी दिला. मी कारखान्यातून पुडीत खास राख घेऊन गेलो होतो. चिमटीला राख लावली, नायलॉनला नायलॉन पिळलं, गाठ आवळली, फुंकर मारली. काका बघत होते, पण बोलले नाहीत. पंधरा मिनिटांत जिताडा लागला. बांधावरून काका ओढले गेले, मी ओरडलो, आणि एकाएकी दोरी ढिली पडली. हातात आली ती नुसती घरची दोरी. टोकाला राखेचा ठिपका.

"सुताला राख," काका म्हणाले, "नायलॉनला थुकी. कोरी गाठ मारली का ती आवलताना भाजतं. आदी तोंडान धराची, वली कराची, मंग आवलाची. उष्टी गाठ धरतं, घाट्या."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू इचारला का?"

असा हा माणूस. आणि या माणसाच्या मुलीचं स्थळ मी आणलं.

आमच्या कापडाचे तागे राहनाळच्या ज्या गोदामात पडत, त्याच्या शेठचा मुलगा नितीन. गळ्यात साखळी, बुडाखाली नवी कोरी मोटारसायकल, शिवाय माशांचा शौकीन. त्याच्याकडे परदेशी काठी आणि चक्री होती. मला वाटलं, सासऱ्या-जावयाचं याहून काय जमायचं? खरं तर लग्नात मध्यस्थाला फेटा बांधतात, आणि मला कुणी अजून फेटा बांधलेला नव्हता. शेठनं आठ दिवसांत उत्तर मागितलं. कुंदाला विचारलं तर ती भांडी घासत राहायची. काकांनी तिला रोज विचारलं आणि रोज भांडी जास्त चकाकली.

कुंदाला आई नव्हती. या एकाच प्रश्नावर काकांना कुणाचा सल्ला घेता येत नव्हता, आणि बारमाही तार चावणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून 'हो' निघत नव्हतं, 'न्हाय'ही निघत नव्हतं. "पोरीचा जनम हाय, सायब," ते बीमवर वाकून म्हणाले. "या दोरीला बदली जावई न्हाय." मग बराच वेळ धागे पिळत राहिले. शेवटी म्हणाले, "रईवारी उघाडीवर आन त्याला."

रविवारी दुपारी आम्ही बांधावर जमलो. काका, मी, नितीन, भाकरी आणि सुकट घेऊन आलेली कुंदा, आणि आमच्या कारखान्याचा जॉबर हरेश. हा टेमघरचा, काकांच्याच जातीचा, घरी आई आणि एक लंगडी म्हैस. लूम बिघडला की तो दुरुस्त करायचा. वर्षभरात मी त्याच्या तोंडून दहा शब्द ऐकले असतील, त्यातले सहा 'पाना दे' यातच गेलेले. काकांच्या दोरीसाठी तो कारखान्यात शिशाची वजनं ओतायचा, तीच द्यायला आला होता. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मी फेट्याच्या रंगाचा विचार करत होतो.

नितीननं काठी उघडली. तिच्या टोकाला जावई होता स्टीलच्या तारेचा. उन्हात असा लखलखत होता की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

"हा कल्ल्यानं कापत नाय," नितीन अभिमानानं म्हणाला.

"न्हाय कापाचा," काकांनी कबूल केलं. "पन मासा आदी येल तं खरा."

मासा आला नाही. आला नितीनचा मोबाइल. त्यात आरतीची धून होती आणि तो दर पाच मिनिटांनी वाजायचा. नितीन एका हातानं काठी धरून मोठ्यानं कुणाला तरी ट्रक कुठे लावायचा ते सांगायचा. दिसतो आणि वाजतो, अशी दोन कलमं माझ्या डोळ्यांदेखत बाद झाली. मला मात्र वाटलं, वा, काय कामाचा मुलगा आहे! रविवारीही उसंत नाही.

मग काकांच्या दोरीला जोराचा हिसका बसला. पाण्यात चांदीची कूस उलटली आणि पुन्हा तेच, कल्ल्याची कड आणि तुटलेला जावई. ओहोटी लागायला थोडाच वेळ होता. काकांनी खिशातून नवी तार काढली आणि डोळे बारीक केले.

"चष्मा घरी राहिला. हरेश, बांद रं."

हरेश बांधावर उकिडवा बसला. दोन टोकं घेतली, वेढे दिले, गाठ तोंडात धरून ओली केली. पण तार जाड होती आणि मोकळं टोक स्प्रिंगसारखं उसळून सुटायला लागलं. दोन्ही हात अडकलेले. त्यानं मान वर केली, आणि कुणाकडेच न बघता ती अर्धी गाठ बाजूला पुढे केली. कुंदा तिथेच होती. तिनं हातातली भाकरी खाली ठेवली, वाकली, त्याच्या तोंडातून नुकतीच निघालेली ती गाठ आपल्या तोंडात घेतली, टोक दातात धरलं आणि आवळली. मग भाकरी उचलून पुन्हा वाढायला लागली. हरेश तारेचं उरलेलं टोक कापत होता, त्याचे कान तेवढे लाल झाले होते.

मीही हे पाहिलं. पण माझ्या मनात आलं ते एवढंच की गाठ चांगली बसली.

काकांनी तो जावई हातात घेतला, दोनदा ताणला, आणि पाण्यात टाकण्याऐवजी दोरी गुंडाळायला लागले.

"काका, मासा?"

"मासा भरतीला परत येल." दोरी खांद्यावर टाकत ते म्हणाले, "जावई मिलाला."

मागच्या वेळी ते दोरीबद्दल बोलले आणि मी माणूस समजलो होतो. या वेळी मी ती चूक करणार नव्हतो. हे माणसाबद्दलच बोलताहेत, हे मी तत्काळ ओळखलं. धावत गेलो आणि नितीनचा हात दोन्ही हातांत घेऊन गदागदा हलवला. "अभिनंदन! जमलं!" काका तोवर बांधावरून पुढे गेले होते. नितीननं तिथूनच घरी फोन लावला.

संध्याकाळी शेठच्या दारात फटाके वाजले. शेठनं मला फोन करून फेट्याचा रंग विचारला. मी भगवा सांगितला.

सकाळी काका आले, ते स्टुलावर न बसता माझ्या टेबलासमोर उभे राहिले. "राहनालान फटाकं कोनी फोडलं?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून चष्मा काढला, घातला, आणि मला नीट न्याहाळलं. चष्मा कायम त्याच खिशात असायचा, काल तो घरी राहिलाच नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"पोरीनं कालपासून पानी पन घेतला न्हाय," ते म्हणाले. "आता न्हाय म्हनलो तं गाव बोलल, गोमानं शबूद फिरवला. पोरीला नाव ठेवल. काय केलंस रं घाट्या?"

त्यांनी मला यापूर्वी कारखान्यात कधी घाट्या म्हटलं नव्हतं. मला खुर्चीत बसवेना.

आम्ही दोघं शेठकडे गेलो. हातात पिशवी घेऊन काका माझ्या चार पावलं पुढे चालत होते. शेठच्या पडवीत पेढ्यांचं ताट होतं आणि एका खुर्चीवर भगव्या कापडाची घडी. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर काकांनी माझ्या मांडीवर हात दाबला.

"शेठ," ते म्हणाले, "बाजारात एक गोस्ट फिरतं. माजा जावई कल्ल्या गुंडानं मारला न् सगलं लूम बंद परलं. आयकली का?"

शेठ हसू दाबत म्हणाले, "ती तर सगल्या भिवंडीला ठावी हाय."

"ते लूम बंद करनारा मानूस तो ह्यो," काकांनी माझ्याकडे बोट केलं. "आता मी काल बांदावर काय बोललो न् ह्यानं काय आयकला, तुमीच समजा."

शेठनं माझ्याकडे पाहिलं. मग पेढ्यांकडे, मग भगव्या घडीकडे. आणि त्यांचं पोट हलायला लागलं. इतके हसले की शेठाणी पाणी घेऊन बाहेर आल्या. नितीन दारात उभा होता. "मना पन बरा वाटला," तो म्हणाला. "ती पोर दोन तासांत एक शबूद बोलली न्हाय. न् माजं बूट गेलं चिखलान." काकांनी पिशवीतून कापडात गुंडाळलेला जिताडा काढून शेठाणींपुढे ठेवला. पहाटेच्या भरतीला एकटेच जाऊन धरून आणला होता. कालच्याच जावयावर.

माझ्या मूर्खपणाचा असा उपयोग आजवर दुसऱ्या कुणी केलेला नाही.

कुंदा आणि हरेशचं लग्न राहनाळलाच झालं, एका रिकाम्या गोदामात, आणि गोदाम शेठनं दिलं. हळदीला सगळं गाव नाचलं, अब्बासचाचा पहिल्या रांगेत जेवायला बसले आणि हरेशकडे बघून सगळ्यांना विचारत होते, "चबाके देखा ना?" फेटा मला मिळाला. भगवाच. तो शेठनं स्वतःच्या हातानं बांधला आणि बांधताना पुन्हा हसले.

मंगलाष्टकं झाली. करवलीनं हरेशच्या उपरण्याची आणि कुंदाच्या शालूची गाठ मारली. भटजी पुढचं म्हणणार, तोच काका माणसांतून वाट काढत आले. त्यांनी ती गाठ उचलली. अंगठ्यानं चाचपली, दोनदा ताणून पाहिली, सैल केली. आणि सरळ तोंडात धरली.

"अहो, अहो! उष्टं केलंत!" भटजी ओरडले.

काकांचं तोंड भरलेलं होतं. नायलॉनची गाठ ओली व्हायला क्षणभर पुरतो, हे मी शेकडो वेळा पाहिलेलं. त्या दिवशी त्यांनी ती कितीतरी वेळ तोंडातून काढलीच नाही. डोळे मिटलेले, गालांवर पांढऱ्या बोटांचे ठसे. कुंदा मान खाली घालून उभी होती आणि बापाच्या तोंडाकडे जाणारा आपला पदर सैल सोडत होती.

भटजी वैतागून माझ्याकडे वळले. फेटा बघून त्यांना मी कुणीतरी जबाबदार माणूस वाटलो असणार. "हे काय चाललंय यांचं?"

"थांबा जरा, भटजी," मी म्हटलं. "जावई बांधतायत."